यकृत प्रत्यारोपणासाठी रुग्णालय कसं पारखायचं: टीम, दाता आणि पहिले तीन महिने

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५४ वर्षांचे, नाशिकला असतात. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) झालाय. तीन महिन्यांत दोनदा पोटातलं पाणी काढावं लागलं. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विचार करायला सांगितलंय. २६ वर्षांचा मुलगा यकृताचा भाग द्यायला तयार आहे, जावईही म्हणतो मी देतो. मुंबईला जावं की पुण्याला, सर्जन कोण चांगला, आणि तिथे गेल्यावर विचारायचं काय?

सर्जनच्या नावापासून सुरुवात करू नका. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते आणि मुंबई-पुण्यातल्या मुरलेल्या केंद्रांत ती करणारे हात आता चांगलेच सरावलेत. रुग्ण तरतो की नाही हे बरंचसं ठरतं आधीच्या दोन महिन्यांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत. रात्री दोनला डॉप्लर (रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला माणूस हजर आहे का, रविवारी टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवीन यकृत झिडकारू नये म्हणून द्यायच्या मुख्य औषधाच्या) रक्तातल्या पातळीचा रिपोर्ट मिळतो का, दात्याला ‘तुझं यकृत चालणार नाही’ असं तोंडावर सांगणारं टीममध्ये कुणी आहे का, अशा गोष्टींवर. त्यामुळे मुंबई की पुणे हा प्रश्न दुय्यम आहे.

आधी वडिलांची अवस्था पाहू. सिरॉसिस असूनही माणूस अनेक वर्षं धडधाकट फिरतो. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, भ्रम किंवा कावीळ यांतलं काहीही पहिल्यांदा झालं की चित्र बदलतं, आणि प्रत्यारोपण केंद्रात नाव न्यायची वेळ तीच. आपल्याकडे लोक पाचव्यांदा पाणी काढून झाल्यावर, किडनी बसल्यावर येतात. तोवर स्नायू झडलेले असतात, एखादा जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो, आणि जी शस्त्रक्रिया बऱ्यापैकी सुरक्षित झाली असती ती जोखमीची होऊन बसते.

रोगाची तीव्रता मेल्ड स्कोअरने मोजतात. बिलिरुबिन (काविळीचा आकडा), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा) आणि क्रिएटिनिन (किडनीचा) या तीन आकड्यांवरून तो निघतो, ६ पासून ४० पर्यंत. समजा बिलिरुबिन ३.२, आयएनआर १.८ आणि क्रिएटिनिन १.१ आहे, तर स्कोअर येतो १८. ऐकायला फार वाटत नाही. पण सोडियम १२९ असेल आणि ते हिशेबात धरलं, तर त्याच रुग्णाचा स्कोअर २४ होतो. पोटात पाणी भरणाऱ्यांचं सोडियम बहुधा उतरलेलंच असतं, तेव्हा सोडियमशिवायचा आकडा सांगितला तर पुन्हा काढून मागा. साधारण १५ च्या पुढे प्रत्यारोपणाचा फायदा धोक्यापेक्षा जास्त ठरतो. यात एक गोम आहे: हातापायाच्या काड्या झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं, कारण ते स्नायूंतून येतं. अशा रुग्णाचा स्कोअर त्याच्या खऱ्या अवस्थेपेक्षा बरा दिसतो. वारंवार पाणी भरणाऱ्या रुग्णाला नुसत्या आकड्यावर ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवणाऱ्या केंद्राबद्दल मी साशंक असेन.

पाणी काढण्याबद्दलही सांगायला हवं, कारण छोट्या गावात इथेच किडनी घालवली जाते. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) शिरेतून द्यावं लागतं. २० टक्के अल्ब्युमिनच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे ६ लिटर काढलं तर दोन ते अडीच बाटल्या. ‘महाग आहे, राहू द्या’ म्हणून टाळलं की रक्ताभिसरण कोसळतं आणि आठवडाभरात क्रिएटिनिन चढायला लागतं. शिवाय पहिल्यांदा पाणी काढताना, आणि ताप, पोटदुखी किंवा भ्रम असेल तेव्हा दर वेळी, त्यातल्या पेशी मोजायला पाठवायच्या. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २५० च्या वर म्हणजे पोटातल्या पाण्यात संसर्ग, तो आधी बरा करायचा.

घरी काय करायचं? ‘यकृत खराब आहे, प्रथिनं बंद’ हा सल्ला अजून फिरतोय, तो चुकीचा आहे. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, तीही दिवसभरात विभागून. मुगाची डाळ, पनीर, दही, चालत असेल तर अंड्याचा पांढरा भाग. उपवास पूर्ण बंद. एकादशी, संकष्टी, नवरात्र, काहीही नाही. सिरॉसिसमध्ये यकृताचा साखरेचा साठा काही तासांतच संपतो आणि शरीर स्नायू मोडून खायला लागतं. उपासाच्या साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच. रात्री झोपताना काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतकं: सातूचं पीठ दुधात कालवून, किंवा दोन पोळ्या. वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे इन्सुलिन त्यानुसार बसवून घ्यायचं, खाणं कापायचं नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड, फरसाण यांतच ते संपतं. लॅक्ट्युलोज (पोट साफ ठेवून भ्रम टाळणारं पातळ औषध) असं घ्यायचं की दिवसाला दोन ते तीन मऊ शौच व्हावेत. सहा-सात होत असतील तर डोस जास्त आहे आणि त्यातून पाणी-क्षार जाऊन भ्रम उलट वाढतो. रात्री जागणं आणि दिवसा झोपणं, अक्षर बिघडणं, बोटांची थरथर ही भ्रमाची पहिली लक्षणं. ती दिसली की गाडी चालवू द्यायची नाही.

आता टीम. हेपॅटॉलॉजिस्ट (यकृततज्ज्ञ) आणि सर्जन तर असतातच. भूलतज्ज्ञ यकृत प्रत्यारोपणाचे खास अनुभवी लागतात, अतिदक्षता विभागाचे डॉक्टर चोवीस तास लागतात. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर पाहत सुई-नळीने उपचार करणारा डॉक्टर) इमारतीतच हवा, ‘बोलावून घेतो’ प्रकारातला नको. यकृताची बायोप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, जंतुसंसर्गतज्ज्ञ, स्वतःची रक्तपेढी, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ हेही हवेत. आणि या सगळ्यांना एका धाग्यात ठेवणारा प्रत्यारोपण समन्वयक. ही व्यक्ती कायद्याने आवश्यक आहे, पण केवळ फॉर्म भरून घेणारी आहे की रात्री अकराला फोन उचलणारी आहे हे पहिल्या आठवड्यात कळतं. एका केंद्राला पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते, नंतर तिचं नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्र मागितलं तर दाखवायला हरकत नसते.

काही शहरांत बाहेरून सर्जनची टीम येते, शस्त्रक्रिया करते आणि दोन दिवसांत परत जाते. टीम नामांकित असते, शस्त्रक्रियाही उत्तम होते. प्रश्न चौथ्या दिवशीचा आहे. यकृताची धमनी गोठली तर पोट उघडायला काही तासच हातात असतात, आणि त्या वेळी सर्जन विमानतळावर असून चालत नाही. अशा ठिकाणी इतकंच विचारा: पुढचे दहा दिवस गावात कोण थांबणार, त्याचं नाव काय?

वडिलांच्या तपासण्यांत हृदयाकडे जास्त लक्ष द्यायला लावा. फॅटी लिव्हर आणि मधुमेहाच्या रुग्णांत हृदयाच्या धमन्यांचा आजार लपलेला असतो. साध्या इकोवर भागत नाही, स्ट्रेस इको किंवा गरजेनुसार अँजिओग्राफी करतात. फुप्फुसाच्या धमनीतला दाब फार असेल तर आधी त्यावर उपचार. गाठ आहे का हे पाहायला तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन आणि अल्फा फीटोप्रोटीन ही रक्तचाचणी. कर्करोग असेल तर साधारण निकष मिलानचे: एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी ३ सेंटीमीटरच्या आत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नाही. क्षयरोगासाठी छातीचा सीटी. दातांची तपासणी लोकांना हास्यास्पद वाटते, पण किडलेल्या दाढेखालचा पू प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर अंगभर पसरू शकतो. हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकस, फ्लू यांच्या लसी शस्त्रक्रियेआधीच उरकायच्या. जिवंत जंतूंच्या लसी नंतर देता येत नाहीत.

मुलाचं पाहू. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन, कारण तो निरोगी माणूस आहे आणि त्याला या शस्त्रक्रियेचा शारीरिक फायदा शून्य आहे.

रक्तगट जुळायला हवा. आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे प्रश्न येत नाही. ओ गट कुणालाही देऊ शकतो. वय १८ ते साधारण ५०-५५, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) शक्यतो ३० च्या आत. पुढची अडचण तुमच्यासारख्या घरांत हमखास निघते: वडिलांना फॅटी लिव्हर असेल तर मुलालाही असण्याची शक्यता मोठी, जेवणखाण तेच आणि जनुकंही तीच. साध्या सीटीवर यकृताची घनता उणे प्लीहेची (पाणथरीची) घनता असा आकडा काढतात. यकृत ६२ आणि प्लीहा ५२ आली तर अधिक १०, उत्तम. ५ च्या खाली आलं की चरबीचा संशय, उणे झालं की बऱ्यापैकी चरबी आहे असं धरायचं. म्हणून लगेच नकार येतोच असं नाही. रोज तासभर जोरात चालणं, साखर-तळण-मद्य बंद आणि आहारतज्ज्ञाने आखलेला कमी उष्मांकांचा आहार, असं सहा ते आठ आठवडे केलं की तरुण दात्याचं यकृत बहुधा सुधारतं. मग सीटी परत, शंका असेल तर बायोप्सी. वडिलांना तेवढी सवड असेल तरच हा मार्ग, म्हणून दात्याची तपासणी लवकर सुरू करायची.

मग आकारमान. देणार त्या भागाचं वजन रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के असावं, आणि दात्याकडे मूळ यकृताचा किमान ३० ते ३५ टक्के भाग राहावा. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. वडिलांचं वजन काट्यावर ७२ किलो असेल पण त्यात ६ लिटर पाणी असेल तर हिशेब ६६ किलोवर, म्हणजे गरज ५२८ ग्रॅमची. मुलाचं एकूण यकृत सीटीवर १,२५० मिली आणि उजवा भाग ७८० मिली असेल तर त्याच्याकडे जवळपास ३८ टक्के उरतात. सीटीचा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा थोडा फुगलेला असतो, तरी ७०० ग्रॅम मिळालं तर प्रमाण १.०६ टक्के. हे जमणारं लग्न. याउलट उजवा भागच ७२ टक्के भरला तर दात्याकडे २८ उरतात, आणि तिथे थांबायचं. मुलगा कितीही हट्ट धरो. अशा आकड्यावर ‘करून टाकू’ म्हणणाऱ्या केंद्रातून बाहेर पडा.

लागलेला भाग छोटा पडला तर वडिलांच्या पोर्टल शिरेतलं (आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या मोठ्या शिरेतलं) रक्त त्यावर जोराने आदळतं, तो भाग सुजतो, बिलिरुबिन चढत राहतं, पोटात पाणी थांबत नाही. अनुभवी टीम शस्त्रक्रियेतच पोर्टल दाब मोजते आणि तो १५ मिमी पाऱ्याच्या वर राहिला तर प्लीहेची धमनी बांधून खाली आणते. ‘तुम्ही पोर्टल दाब मोजता का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून टीमचा पोत कळतो.

पित्तनलिकेची रचना एमआरसीपीवर (पित्तमार्गाच्या एमआरआयवर) पाहतात. काही जणांत उजव्या बाजूच्या दोन नलिका वेगवेगळ्या उघडतात. तेव्हा वडिलांच्या बाजूला दोन जोड द्यावे लागतात आणि गळतीची शक्यता वाढते. यकृताची मधली शीर दात्याकडे ठेवायची की द्यायची, उजव्या भागातल्या तिच्या फांद्या कृत्रिम नळीने जोडायच्या का, हेही आधीच ठरलेलं असतं.

धोका किती? उजवा भाग देणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जगभर हजारी २ ते ५ च्या आसपास सांगितलं जातं. पित्तगळती, संसर्ग, व्रणातला हर्निया हे याहून बरेच जास्त. घरी जायला आठवडा, बैठ्या कामावर परतायला महिना-दीड महिना, जड उचलणं तीन महिने बंद. राहिलेला भाग पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढतो, आकारमान पुरेसं होतं, पण मूळ आकार जसाच्या तसा परत येत नाही. मुलाला हे आई-वडिलांच्या समोर नव्हे, एकट्याला, आणि रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसलेल्या डॉक्टरने सांगायला हवं. त्याने शेवटच्या क्षणी नाही म्हटलं तर टीम घरच्यांना ‘वैद्यकीय कारणाने बसत नाही’ इतकंच सांगते. ही वाट मुलाला माहीत असू द्या.

जावयाचं वेगळं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात, २०११ च्या दुरुस्तीसह, जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. जावई, सून, मामा, काका, चुलतभाऊ यांत येत नाहीत. मुलाचं प्रकरण सक्षम अधिकाऱ्याकडे, नातं कागदांनी किंवा डीएनए चाचणीने सिद्ध करून संपतं. जावयाचं प्राधिकार समितीपुढे जातं: वर्षाला २५ किंवा अधिक प्रत्यारोपणं करणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची समिती असू शकते, नाहीतर शासनाची. तिथे मुलाखतीचं चित्रीकरण होतं, दोघांची आर्थिक स्थिती तपासली जाते, पैशाचा व्यवहार नाही ना हे पाहिलं जातं. आधार, पॅन, रेशनकार्ड, विवाहाचा दाखला, जुने कौटुंबिक फोटो, उत्पन्नाची कागदपत्रं आधीच गोळा करा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल अडते, तेव्हा ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. दाता स्त्री असेल तर तिची संमती तिच्या स्वतःच्या मनाची आहे ना, याची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करायची असा नियमच आहे. आपल्याकडे बायका देतात आणि पुरुष घेतात हे चित्र पाहता तो योग्यच आहे.

मुलगा दाता म्हणून चालला तरी मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. नाव रुग्णालयामार्फत, एका वेळी एकाच ठिकाणी नोंदवलं जातं. यकृत अचानक निकामी झालेले रुग्ण, जसं की उंदीर मारायच्या पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसने किंवा क्षयाच्या औषधांनी, यादीत तातडीने वर जातात आणि ते बरोबरच आहे. मेंदूमृत्यूचं प्रमाणपत्र चार डॉक्टर देतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. २०२३ साली अख्ख्या देशात असे दाते अकराशेच्या आसपास होते, त्यामुळे नुसत्या यादीवर विसंबून बसता येत नाही. फोन आला तर निघायला वेळ थोडा असतो. दात्याच्या शरीराबाहेर बर्फात यकृत आठ ते बारा तासच ठेवता येतं. नाशिकहून ऐनवेळी गाडी कोण चालवणार, पैसे कुठून काढणार हे ठरवून ठेवा, आणि वडिलांना ताप असेल तर फोनवरच सांगा.

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल थोडक्यात. शेजारी शेजारी दोन ओटी, दोन स्वतंत्र भूल-टीम. दात्याचं पोट उघडून यकृत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि पित्तनलिकांचं चित्र काढल्याशिवाय वडिलांचं यकृत काढायला हात लावत नाहीत. दात्याला साधारण सहा ते आठ तास, वडिलांना आठ ते बारा. सगळ्यात कसोटीचा क्षण नवीन यकृतात रक्त सोडतानाचा: थंड, पोटॅशियमने भरलेलं रक्त एकदम हृदयाकडे जातं आणि रक्तदाब कोसळतो. भूलतज्ज्ञ त्याआधीच कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि रक्तदाब धरणारी औषधं हाताशी घेऊन उभे असतात. धमनीचा जोड केसाहून बारीक टाक्यांनी, भिंगाखाली. दोन-तीन मिलीमीटर व्यासाची ही धमनीच पुढच्या दोन आठवड्यांची काळजी आहे.

पहिल्या रात्री काय पाहतात? लॅक्टेट (रक्तातलं आम्ल) उतरतंय का, शुद्ध येतेय का, लघवी होतेय का, आयएनआर रोज खाली येतोय का. एएसटी-एएलटी (यकृताला इजा झाल्याचे आकडे) पहिल्या दिवशी हजारापर्यंत गेले तरी घाबरायचं कारण नाही, ते उतरत जायला हवेत. उतरलेले आकडे पुन्हा वर वळले तर मात्र थांबता येत नाही, त्याच तासाला डॉप्लर. चांगल्या केंद्रात पहिले पाच दिवस दिवसातून दोनदा डॉप्लर होतो, रविवार असो की दिवाळी. धमनीतला प्रवाह दिसला नाही तर सीटी अँजिओ, आणि लगेच परत ओटी किंवा कॅथलॅब. वेळेत सापडलं तर गुठळी काढून यकृत वाचतं. उशीर झाला तर पित्तनलिका सडतात, कारण त्यांना रक्त फक्त धमनीचं मिळतं, आणि मग दुसरं यकृतच लागतं.

पित्ताचा जोड ही जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणाची दुखरी बाजू. दहातल्या एक ते तीन रुग्णांना कधी ना कधी त्याचा त्रास होतोच. पहिल्या आठवड्यांत ड्रेनमधून पिवळं-हिरवं पाणी आलं आणि त्यातलं बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा तिपटीहून जास्त निघालं तर गळती. काही महिन्यांनी अंगाला खाज, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी (पित्त अडल्याचे आकडे) चढलेलं असेल तर जोड आकसलाय. दोन्हींवर बहुधा ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकून भागतं. स्टेंट दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो, असं वर्षभर चालतं. याचा खर्च पॅकेजमध्ये नसतो.

नकार, म्हणजे शरीराने यकृत झिडकारणं, साधारण पाचव्या दिवसापासून पहिल्या तीन महिन्यांत जास्त दिसतो. लोकांना त्याचीच भीती असते, प्रत्यक्षात तो स्टिरॉइडच्या मोठ्या डोसने बहुतेक वेळा आवरतो. जास्त माणसं जातात ती संसर्गाने. आपल्या आयसीयूंमध्ये भारी प्रतिजैविकांनाही न जुमानणारे जंतू आहेत, बुरशी आहे. म्हणून प्रत्यारोपणाचे रुग्ण वेगळ्या खोल्यांत ठेवतात का, नर्सकडे एकच रुग्ण असतो का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना दारातच अडवणारं रुग्णालय चांगलं समजा.

मुख्य औषध टॅक्रोलिमस. बारा तासांच्या अंतराने, सकाळी ९ आणि रात्री ९, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, आधी रक्त द्यायचं, मग गोळी. गोळी घेऊन रक्त दिलं की पातळी खोटीच जास्त येते आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात. पहिल्या तीन महिन्यांत पातळी साधारण ८ ते १०, पुढे ५ ते ७. सोबत मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, आणि हळूहळू कमी करत नेलेलं स्टिरॉइड. किडनी नाजूक असेल तर बॅसिलिक्सिमॅब या इंजेक्शनचे २० मिलिग्रॅमचे दोन डोस, पहिल्या आणि पाचव्या दिवशी, देऊन टॅक्रोलिमस उशिरा सुरू करतात. वडिलांची साखर या काळात बेफाम होईल, ते अपेक्षित आहे.

या औषधाची इतर औषधांशी फार भांडणं आहेत, आणि गडबड नेहमी गावच्या डॉक्टरकडे किंवा मेडिकलच्या काउंटरवर होते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांनी पातळी चढते आणि किडनीला मार बसतो. रिफॅम्पिसिन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांनी ती तळाला जाते आणि नकार येतो. क्षय निघाला तर प्रत्यारोपण टीमला विचारल्याशिवाय नेहमीची गोळ्यांची पट्टी सुरू करायची नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. कोकणातून कुणी प्रेमाने पाठवलं तरी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. टॅक्रोलिमसची कंपनी स्वस्त मिळते म्हणून परस्पर बदलायची नाही, बदलली तर आठवड्यात पातळी तपासायची. काढे, गुळवेल, ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही नको. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या रुग्णांची नोंद कोविडच्या काळात मुंबईतूनच प्रसिद्ध झाली आहे.

घरी उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न. उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं नाहीत. गॅलरीत कबुतरं येत असतील तर जाळी बसवून, विष्ठा दुसऱ्या कुणीतरी साफ करून घ्यायची. त्यातली बुरशी मेंदूपर्यंत जाते. पावसात साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही. डिस्चार्जनंतर पहिला महिना आठवड्यातून दोनदा रक्त, नंतर आठवड्याला, मग पंधरवड्याला. नाशिकहून ये-जा जमणार नाही, सहा आठवडे तरी रुग्णालयाजवळ खोली घ्यावी लागेल. ३८ अंशांवर ताप गेला तर वाट न बघता फोन.

पैशाचं बोलताना पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून मागा. खासगीत २० लाखांच्या पुढेच हिशेब सुरू होतो. त्यात आयसीयूचे ठरावीक दिवस असतात. तपासण्या, डायलिसिस, बुरशीची महाग औषधं, दुसऱ्यांदा पोट उघडणं, जादा रक्त हे वेगळं. पॅकेजवर किमान चौथा हिस्सा जास्तीचा हाताशी ठेवा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्याला) आणि समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा: कोणती सरकारी योजना लागू पडते, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान निधी, ट्रस्ट, सगळ्यांचे अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी जावे लागतात. बिल भरून झाल्यावर मदत मिळणं जवळपास अशक्य.

आणि विचारायचे प्रश्न. गेल्या वर्षी प्रौढांची किती प्रत्यारोपणं केलीत, त्यात जिवंत दात्याची किती? नव्वद दिवसांनी किती रुग्ण हयात होते, वर्षाने किती? वर्षाला ८५-९० टक्के सांगितलं तर ते रास्त आहे. ९९ सांगितलं तर कुणाला वगळून मोजलं ते विचारा. किती दात्यांना परत ओटीत न्यावं लागलं? गेल्या वर्षी किती दात्यांना नाकारलंत? या शेवटच्या प्रश्नाला आकडा न देता ‘आमच्याकडे सगळे बसतात’ असं उत्तर आलं तर त्या केंद्राला तुम्हीच नकार द्या.

पहिल्या भेटीला रिपोर्टच्या झेरॉक्ससोबत सीटी आणि एमआरआयच्या सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट चालत नाही. पाणी काढल्याच्या तारखा आणि दर वेळचे लिटर, गेल्या सहा महिन्यांचे बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि सोडियम एका कागदावर ओळीने लिहून ठेवा. मुलाला बरोबर न्या, पण त्याची भेट वेगळ्या दिवशी, वेगळ्या डॉक्टरकडे मागा.